भाव तिथे दुकान

मराठीत माणसाचा पाणउतारा करायला 'चोर' म्हणावं लागत नाही. 'त्यानं दुकान मांडलंय' एवढं पुरतं. शिक्षणाचं दुकान, बुवाचं दुकान, कीर्तनाचं दुकान. पण आपली भाषा लबाड आहे. 'भाव तिथे देव' म्हणणारे आपणच आणि आज कांद्याला काय भाव निघाला म्हणून विचारणारेही आपणच. एकाच शब्दात भक्ती आणि दर गुण्यागोविंदानं नांदतात, आणि हे दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत असं मात्र आपण शपथेवर सांगतो.

मी देवळाली प्रवराचा. नाशिकजवळच्या लष्करी देवळालीचा नव्हे, राहुरी तालुक्यातल्या उसाच्या देवळालीचा. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. मध्यंतरी राहुरी फॅक्टरीवर चहा घेताना अर्थशास्त्र शिकवणारे एक स्नेही नेहमीच्या विषयावर घसरले: सहकाराची दुकानदारी कशी झाली. पुराव्यादाखल त्यांनी थेट जर्मनी गाठली. म्हणाले, "मोरेव्हियनांचं बघा. देवासाठी गाव वसवलं, गावासाठी दुकान काढलं, आणि शेवटी दुकानानं गावही खाल्लं आणि देवही." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण चहा त्यांचा होता. घरी आल्यावर मात्र ते वाक्य जिरेना.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी धडपणे मांडला पाहिजे, नाहीतर ते खंडन नव्हे, भांडण. तर पूर्वपक्ष असा. सॅक्सनीत त्सिन्त्सेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर १७२२ साली मोराव्हियातून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांनी हेर्नहूट हे गाव वसवलं. नावाचा अर्थ 'प्रभूची राखण'. या मंडळींनी कॅरिबियन बेटांपासून ग्रीनलंडपर्यंत धर्मप्रसारक पाठवले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम आणि उत्तर कॅरोलायनात सेलम ही गावं उभी केली. (इथेही आमच्यासारखीच गत. हे तमिळनाडूतलं सेलम नव्हे.) जमीन मंडळीच्या मालकीची, धंदे मंडळीच्या देखरेखीखाली, लग्न कुणी कुणाशी करायचं तेसुद्धा चिठ्ठ्या टाकून. अशा गावात दुकान निघालं, ते चाललं, नफा आला. नफ्याबरोबर हिशेब आला, हिशेबाबरोबर स्वार्थ, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेलम हे इतर कुठल्याही अमेरिकी गावासारखं व्यापारी गाव होऊन बसलं. म्हणजे बाजार आत आला आणि धर्म बाहेर गेला.

कथा देखणी आहे. चढ आहे, उतार आहे, खलनायक आहे. मोरेव्हियन इतिहासाच्या जुन्या अभ्यासकांनीही ती कमीअधिक याच चालीवर सांगितली. तिच्याविरुद्ध पहिला आक्षेप अगदी साधा आहे: सालं जुळत नाहीत.

हेर्नहूटचं गावदुकान सुरुवातीला किरकोळच होतं. १७४७ साली ते अब्राहाम ड्यूर्निंगर या स्ट्रासबुर्गच्या व्यापाऱ्याच्या हाती आलं. त्यानं आजूबाजूच्या खेड्यांतल्या विणकरांचं तागाचं कापड गोळा करून परदेशी पाठवायला सुरुवात केली. पुढे कापडछपाई आली, तंबाखू आली, आणि एका खेड्यातल्या दुकानाची पेढी झाली. आता १७४७ हे साल नीट पाहा. गाव वसून अवघी पंचवीस वर्षं झालेली. त्सिन्त्सेनडॉर्फ हयात, तो वारला १७६० साली. धर्मप्रसाराचा जोर शिगेला. म्हणजे ज्याला आपण 'धर्माचा सुवर्णकाळ' म्हणतो, त्याच्या ऐन मध्यावर दुकान भरभराटीला आलं. उतरणीच्या काळात हळूच दारातून शिरलेला हा पाहुणा नव्हे, घर बांधलं तेव्हापासूनचं हे माजघर आहे.

बेथलेहेमचं उदाहरण तर पूर्वपक्षाच्या थेट तोंडावर येतं. तिथे १७४० च्या दशकात 'सामायिक संसार' सुरू झाला. कुणालाही मजुरी नाही, सगळ्यांनी मंडळीसाठी राबायचं, अन्न-वस्त्र-निवारा मंडळी देणार. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मुलं वेगळी राहत. आपल्याकडच्या आश्रमांना लाजवील अशी शिस्त. आणि याच काळात, १७५३ साली, त्यांनी बाहेरच्या लोकांसाठी वेगळं दुकान उघडलं. गिऱ्हाईक परकं, नफा मंडळीचा. त्याआधी १७४८ साली त्यांनी 'आयरीन' नावाचं स्वतःचं जहाजही पाण्यात सोडलं होतं. बैरागी जहाज चालवतात, दुकान चालवतात आणि संध्याकाळी भजनाला बसतात. यात त्यांना स्वतःला काही विसंगत वाटलं नाही. वाटलं ते आपल्याला. १७६२ साली तो सामायिक संसार मोडला. दुकान मात्र मोडलं नाही. नफ्यानं संसार मोडला असता तर आधी हिशेबाच्या वह्यांत तसं दिसलं असतं. तो मोडला कर्जानं, वरून आलेल्या हुकमानं, आणि आपल्या मुलाबाळांसह एका छपराखाली राहावं या माणसांच्या इच्छेनं.

कर्ज कुणी केलं, हेही विचारायला हवं. दुकानदारांनी नाही. कर्ज केलं भक्तीनं. गावं वसवायला पैसा, जहाजांना पैसा, समुद्रापार गेलेल्या माणसांना पैसा, त्यांच्या विधवांना पैसा. आणि सरदारसाहेबांचा हात सढळ. १७५३ साली लंडनमध्ये मंडळींचं दिवाळं वाजायची वेळ आली होती. त्सिन्त्सेनडॉर्फच्या मृत्यूनंतर त्यांनी पुढची कित्येक वर्षं देणी फेडण्यात घालवली, आणि ती फेडायला ज्यांनी हात दिला त्यांत ड्यूर्निंगरची पेढी होती. आपल्याकडे देवस्थानाचा खर्च दानपेटीवर चालतो, म्हणून त्याचा हिशेब सहसा कुणी विचारत नाही. या लोकांकडे दानपेटीवर भागणार नव्हतं. त्यांनी गल्ला ठेवला. गल्ल्याचा फायदा असा की संध्याकाळी तो मोजावाच लागतो.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. 'दुकान' हा शब्द ऐकताना आपल्या कानात वाजतं ते आपलं दुकान, त्यांचं नव्हे.

माझ्या आजोबांचं खातं गावातल्या एका दुकानात होतं. दुकानदाराचं नाव इथे नको. भिंतीवर पाटी: 'आज रोख, उद्या उधार'. पाटीच्या बरोबर खाली लाल कापडी बांधणीची, मधून दुमडलेली लांबोडी चोपडी. आजोबा साखर, चहापत्ती, काड्यापेटी, कधी एखादं धोतर सांगत. दुकानदार कानावरची पेन्सिल काढून लिहून घेई. किंमत विचारायची पद्धत नव्हती. उधारीवाल्यानं भाव विचारला तर तो उपमर्द. ऊस कारखान्याला गेला, पहिली उचल आली की आजोबा जात, दुकानदार चोपडी उघडून बोटानं रांग धरत खाली उतरे आणि एक आकडा सांगे. आजोबा तो देत. आकडा बरोबर की चूक हे त्यांना कधीच कळलं नाही, कारण अक्षर त्यांना येत नव्हतं. तो दुकानदार वाईट माणूस होता असंही मी म्हणणार नाही; दुष्काळात त्याच्याच धान्यावर आमचं घर जगलं. पण भाव आणि व्याज त्या चोपडीत एकमेकांत असे कालवलेले होते की ते वेगळे करायला कोर्टच लागलं असतं.

ही आमच्या एका घरची कथा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि बघता बघता तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. त्या दंग्यात लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत. त्यांनी खतं आणि रोखे मागितले, आणि मिळाले ते जाळले. त्यानंतर १८७९ चा शेतकरी मदतीचा कायदा आला. नगर-पुण्याच्या शेतकऱ्याला दुकान म्हणजे सावकारी हे समीकरण कुणा तत्त्वज्ञानं शिकवलेलं नाही. तेव्हा 'दुकानदारी' ही आपल्याकडे शिवी झाली, ती धर्मामुळे नव्हे, उधारीमुळे. आणि ही शिवी आपण उचलून सॅक्सनीतल्या माणसाच्या पाठीला चिकटवतो.

कारण ड्यूर्निंगरच्या पेढीचा लौकिक होता तो नेमक्या उलट गोष्टीसाठी. मालाचा एक भाव ठरलेला, तो सगळ्यांना सारखा, घासाघीस नाही. आज कापडाच्या दुकानात किंमतीची चिठ्ठी बघणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपातही सौदा म्हणजे जिभेची कुस्ती होती. दुप्पट सांगायचं, निम्म्यावर यायचं. म्हणजे पहिलं वाक्य दोघांचंही खोटं. ही खोटी सुरुवातच नको, 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, असं येशूचं सांगणं आहे म्हणून इंग्लंडमधल्या क्वेकरांनी सतराव्या शतकातच एकभावी विक्रीचा आग्रह धरला होता. मोरेव्हियन त्यांच्या मागून आले. शोधाचं श्रेय त्यांना देऊ नये. पण एकभावानं बाजारात काय होतं ते पाहा. मालकिणीनं मोलकरणीला पाठवलं किंवा बापानं पोराला पाठवलं, तरी दाम तेच. ज्याला बोलता येत नाही, ज्याला वाचता येत नाही, तोही फसत नाही. गिऱ्हाईक लांबून येतं ते यासाठी. इथे सचोटीच धंद्याची पुंजी झाली. सचोटी मोडून धंदा वाढला नाही. यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १८४४ च्या डिसेंबरात, इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी आपलं भांडार उघडलं आणि रोखीचा नियम कटाक्षानं पाळला. आपल्या सहकारी भांडारांची वंशावळ रॉचडेलपाशी सुरू होते असं आपण शाळेत शिकवतो. तिच्या मागे आणखी एक-दोन पिढ्या आहेत, आणि त्या प्रार्थनाघरातून येतात.

इथे माझे स्नेही मॅक्स वेबर काढतील. काढावा. १९०४-०५ साली वेबरनं प्रॉटेस्टंट धर्माचरण आणि भांडवलशाही यांचा सांधा दाखवला, आणि तेव्हापासून 'देवभीरू माणूस आपोआप श्रीमंत व्यापारी होतो' असं एक सुटसुटीत सूत्र फिरतं आहे. पूर्वपक्षाचं हे दुसरं पाख. पहिलं म्हणतं दुकानानं धर्म खाल्ला, दुसरं म्हणतं धर्मानंच दुकान घडवलं. पण वेबर मुळातून वाचला तर त्सिन्त्सेनडॉर्फच्या पंथाबद्दल तो बराच हात राखून बोलतो. हेर्नहूट हे धर्मकेंद्र असतानाच व्यापारी संस्थाही होतं हे तो नोंदवतो, पण या भावविव्हळ पंथातून जे गुण निपजतात ते धडाडीच्या उद्योजकाचे नसून इमानी कारकुनाचे, कामगाराचे आणि घरगड्याचे आहेत, असा त्याचा रोख आहे. हेर्नहूटकरांना हे लागलं असतं, पण निरीक्षण नेमकं आहे. कारण दुकान चालवणारा माणूस तिथे मालक नव्हताच.

सेलममध्ये हे अगदी डोळ्यांनी दिसतं. मोरेव्हियनांनी १७५३ साली उत्तर कॅरोलायनात लॉर्ड ग्रॅनव्हिलकडून एक लाखाला थोडी कमी एकर जमीन घेतली, १७६६ पासून सेलम बांधायला लागले. गावाची जागासुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. आपण कौल लावतो तसंच. (कौल म्हटल्यावर राहवत नाही म्हणून सांगतो: आपल्या कोकणातल्या घरांवर चढलेली मंगलोरी कौलं ही दुसऱ्या एका जर्मन-स्विस धर्ममंडळीची, बासेल मिशनची, १८६५ सालच्या मंगळूरच्या कारखान्यापासूनची देणगी. त्यांनी तर १८५९ साली रीतसर व्यापारी कंपनीच काढली होती. ज्यांना मिशन आणि माल यांची सांगड अघटित वाटते त्यांनी एकदा आपल्या आजोळच्या छपराकडे पाहावं.)

सेलमचं दगडी दुकान १७७५ साली उभं राहिलं. चालवणारा ट्राउगोट बागे, जन्मानं स्वीडिश. दुकान मंडळीचं, बागे व्यवस्थापक. डोंगराकडून शिकारी आणि शेतकरी येत, हरणांची कातडी, लोणी, मेण काट्यावर टाकत, आणि मीठ, लोखंड, कॉफी, कापड घेऊन जात. कातडी गाड्यांवरून चार्ल्सटनच्या बंदराला जात. त्या रानात शेकडो मैलांत रोकड अशी फारशी नव्हतीच. दुकान हीच बँक, दुकान हेच टपाल. दुकान, खानावळ, कातडी कमावण्याचा कारखाना, कुंभाराचं आवार हे सारे मंडळीचे धंदे होते, आणि त्यांच्या उत्पन्नावर मंडळीचा गाडा चालत असे. मग अमेरिकी क्रांती आली. मोरेव्हियन शस्त्र धरत नव्हते, त्याबद्दल तिप्पट कर भरत. दोन्ही बाजूंच्या फौजा दारात येऊन माल उचलत; १७८१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस स्वतः गावातून गेला. बदल्यात मिळत ते कागदी चलन, ज्याची किंमत सकाळची संध्याकाळी राहत नसे. बागे नवी राजवट आणि गाव यांच्यामधला दुवा झाला, सैन्यासाठी खरेदी करू लागला, आणि त्या कागदांचा ढीग सांभाळत त्यानं दुकान तगवलं. शस्त्र न धरणारं गाव युद्धातून निभावून बाहेर निघालं त्यात प्रार्थनेचा वाटा किती ते मला ठरवता येत नाही. गोदामाचा वाटा ठरवता येतो.

मग सेलमचं देवगावपण संपलं कशानं? १८३६ साली गावात सूतगिरणीची कंपनी निघाली, १८४० मध्ये फ्रान्सिस फ्रीझनं लोकरीची गिरणी काढली. १८४९ मध्ये मंडळीनं धंद्यांवरची बंधनं सोडली, १८५६ मध्ये जमिनीची भाडेपट्ट्याची पद्धत. या बंधनांविरुद्ध उठले ते गावदुकानाचे कारभारी नव्हेत. उठले स्वतंत्र कारागीर आणि गिरणीवाले, ज्यांना आपली जमीन, आपला धंदा आणि आपले गुलाम हवे होते.

गुलाम. इथे माझ्या स्नेह्यांना मी एक मुद्दा सोडून देतो, त्यांनी तो मांडला नव्हता तरी. हेर्नहूटचे हे सचोटीचे लोक, एका भावाचे लोक, माणसांचाही भाव देत होते. १७६९ साली मंडळीनं सॅम नावाच्या माणसाला विकत घेतलं. १७७१ मध्ये त्याचा बाप्तिस्मा करून योहानेस सॅम्युएल हे नाव दिलं, प्रार्थनेत भाऊ म्हणून जवळ बसवलं, आणि वहीत मालमत्ता म्हणून ठेवलं. सूरीनामला ख्रिस्टोफ केर्स्टननं १७६८ साली शिंपीकामाचं दुकान काढलं, मिशनच्या खर्चासाठी. ती पेढी वाढत वाढत त्या देशातल्या मोठ्या उद्योगसमूहांत गणली गेली. तिच्या सुया ओढणाऱ्या हातांत गुलामांचे हात होते. सेलममध्ये व्यक्तींनी गुलाम ठेवण्यावर मंडळीनं बंधनं घातली, ती मोडत मोडत १८४७ मध्ये सोडून दिली. पण मंडळी स्वतः आधीपासून मालक होती, मग सभासदांना कोणत्या तोंडानं अडवणार?

यावर पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, नफ्यानं हे केलं. नाही. हे पाप गल्ल्यातून प्रार्थनाघरात गेलेलं नाही. गुलामी ईश्वरी व्यवस्थेत बसते, आत्मा मुक्त असला की पुरे, असं त्यांनी कॅरिबियनमध्ये आपल्या उपदेशातच सांगितलं होतं. धर्मानं ते मान्य केलं, मग वहीनं ते लिहिलं. दुकानाला खलनायक करण्यात हाच धोका आहे. धर्ममत साळसूदपणे सुटून जातं, आणि सगळा डाग तागडीला लागतो.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर मी मोरेव्हियनांचा मुनीम ठरेन. लॅब्राडोरच्या बर्फाळ किनाऱ्यावर नेन इथे १७७१ मध्ये त्यांनी वस्ती केली आणि इनुइट लोकांशी देवघेवीचं दुकान चालवलं. तिथे एकभाव पुरला नाही, उधारी शिरलीच. शिकार कधी साधते, कधी नाही, आणि उपाशी माणसाला 'उद्या' सांगता येत नाही. अखेर १९२६ साली त्यांनी हा सारा व्यापार हडसन्स बे कंपनीच्या हवाली केला. सॅक्सनीतला विणकर आठवड्याला ठाण संपवतो, त्याला रोख चालते. सीलच्या शिकाऱ्याचं आणि आमच्या ऊसवाल्याचं उत्पन्न वर्षाकाठी एकदा येतं, त्याला चोपडी लागते. दुकान धार्मिक की अधार्मिक हा भेद इथे काही समजावून सांगत नाही. पीक किती दिवसांनी हाती येतं, हे सांगतं.

आणि म्हणूनच फॅक्टरीवरच्या त्या चहाला मला एवढंच म्हणायचं होतं की सहकाराची 'दुकानदारी' झाली असं म्हणताना आपण काय म्हणतो ते तपासू या. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० मध्ये कारखाना उभा केला तो व्यापार टाळण्यासाठी नव्हे, व्यापार आपल्या हाती घेण्यासाठी. मालक सभासद, भाव सर्वांना एक, वाढावा सगळ्यांचा. कुठे बिघडलं असेल तर ते तागडीपाशी की वहीपाशी की ठरावापाशी, हे शोधायला वही उघडावी लागते. 'दुकानदारी' म्हटलं की ती उघडायची गरजच उरत नाही.

स्नेह्यांनी हे सगळं ऐकून घेतलं, फोनवर, दोन दिवसांनी. मग म्हणाले, "आणि तुकोबा? त्यांचं दुकान बुडालं तेव्हाच ना देव भेटला?" मला वाटलं होतंच की ते तिथे येतील, नगर-पुण्याकडे प्रत्येक वाद शेवटी देहूला जातो. मी म्हटलं, दुकान बुडालं ते १६३० च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळात, भक्तीनं नव्हे. आणि इंद्रायणीत बुडवलेल्या खतांची गोष्ट सांगता ती अर्धी सांगता. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. बुडवली ती स्वतःची. दुसरी वाटणी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिली.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी ऊस कधी तुटतोय ते विचारलं.